दोन ठोक्यांचा फोटो

माझ्या वडिलांबद्दल गावात अजून एकच गोष्ट सांगतात, आणि तीही अर्धवट. म्हणतात, पुनाजीनं सत्तावीस ठोके दम धरला होता. धरला होता, खोटं नाही. पण ती काही त्यांची मोठी गोष्ट नव्हे. त्यांची मोठी गोष्ट दोन ठोक्यांची आहे. ती मलाच सांगावी लागेल, कारण तिच्यात माझाही हात आहे आणि तो फारसा चांगला नाही.

आमचं गाव वर्ध्याजवळच्या सेलूपासून दोन कोसांवर. पक्की सडक सोडली की गाडीवाट, मग नाला, मग गाव. गावाचे दोन भाग, वरचा पुरा आणि खालचा पुरा. वर्षभर दोन्ही पुरे एकाच विहिरीचं पाणी प्यायचे, एकमेकांच्या लग्नात जेवायचे, आणि पोळ्याच्या दिवशी एकमेकांचे वैरी व्हायचे. पोळ्याला मारुतीसमोरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सजवलेले बैल उभे राहतात आणि दोन्हीकडून झडत्या सुटतात. झडती म्हणजे खड्या आवाजात म्हटलेलं दोन ओळींचं गाणं, समोरच्याची खोड काढणारं. शेवटी महादेवाच्या नावाचा पुकारा. हे सगळीकडेच होतं. आमच्या गावची रीत एवढीच वेगळी की तो पुकारा एका दमात जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. डफडंवाला जंगलू ठोके टाकायचा. ज्याचा पुकारा जास्त ठोके टिकला, त्याच्या पुऱ्याचे बैल तोरणाखालून आधी जायचे.

खालच्या पुऱ्याचे झडतीवाले म्हणजे माझे वडील. अंगानं किरकोळ, उंचीनं त्याहून किरकोळ. घरात इतकं हळू बोलायचे की माय म्हणायची, "या मानसाले वर्साचा एकच दिवस कंठ फुटते." पण तो एक दिवस असा असायचा की वरच्या पुऱ्यातल्या बाया मैदानात यायच्या आधी विचारायच्या, पुनाजी काय म्हणणार आहे यंदा. त्यांची एक झडती मला पाठ आहे:

वरच्या पुऱ्याचा बैल, ढेप खाते टोपलंभर,
जू पाह्यलं का झोपते, सपनात नांगरते वावरभर!

आणि मग तो पुकारा. मी सहा-सात वर्षांची असेन. माझ्या बापाच्या गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या, जंगलूचा हात ठोके टाकून दुखायला आला होता, आणि समोर रूपराव, वरच्या पुऱ्याचा झडतीवाला, तोंड पाडून उभा होता. त्याची मजल चोविसाची. बाबा सत्ताविसावर थांबले, आणि तेही म्हणे कंटाळून. बारा वर्षं आमचेच बैल आधी गेले. लहानपणी माझी समजूत होती की सरकारनं तसा हुकूमच काढला आहे.

आता १९५७ सालाकडे येते. माझं लग्न हिंगणघाटला झालं होतं. नवरा तिथल्या कापडगिरणीत. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते आणि ज्येष्ठात मला मुलगी झाली. बाबांना त्या मुलीचं वेड होतं. वावरातून आले, हातपाय धुतले की ओसरीवर उताणे पडायचे आणि तिला छातीवर पालथी निजवून घ्यायचे. तिच्या कानाशी झडत्या म्हणायचे, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. ती पेंगायची. मायला ते बघवायचं नाही, म्हणजे बघवायचं, पण ती तसं कबूल करायची नाही.

बाबांना खोकला होळीच्या सुमारास लागला होता. "बिडीचा हाये," एवढंच त्यांचं उत्तर. बिडी ते ओढायचेही तशीच, एकीवर एक. पण आषाढात त्यांची बंडी खांद्यावरून घसरू लागली, आणि संध्याकाळी अंग कोमट लागायचं. एकदा मी न्याहारी घेऊन वावरात गेले, तर पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते एकटे उभे राहून पुकाऱ्याचा सराव करत होते. मी मनात ठोके मोजले. नवव्या ठोक्याला आवाज तुटला आणि ते कमरेत वाकून खोकत राहिले. मग मान वर करून त्यांनी आधी चहूकडे पाहिलं, कोणी ऐकलं का म्हणून. मी झुडपाच्या आड बसले. न्याहारी थोड्या वेळानं नेली आणि काहीच ऐकलं नसल्यासारखं दाखवलं.

पोळ्याच्या पाच दिवस आधी वर्ध्याहून एक नर्सबाई आली. आनंदाबाई तिचं नाव, राहणारी नालवाडीची, पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, आणि चालणं असं की तिच्याबरोबरचा वहीवाला मागे धावत यायचा. घराघरावर त्यांनी गेरूनं आकडे घातले, माणसं लिहून घेतली, आणि संध्याकाळी मारुतीसमोर सगळ्यांना बसवून ती बोलली.

"सोमवारी छातीचा फोटो काढायची मोटार येणार आहे. पाच वर्षांवरच्या प्रत्येकानं यायचं. मोटारीत चढायचं, फळीला छाती टेकवायची, पूर्ण श्वास भरायचा आणि आतला माणूस सांगेपर्यंत रोखून धरायचा. मधेच श्वास सुटला तर फोटो बिघडेल. कोणाच्या छातीत काय आहे ते सगळं त्यात दिसतं. क्षयाचा डाग असला तर लवकर कळतो, आणि आता त्याला औषध निघालं आहे."

बाई बोलली ती अगदी सरळ बोलली. पण ती बोलत होती आमच्या गावाशी. दम भरायचा, रोखायचा, कोणीतरी मोजणार, मधेच सुटला तर बिघडलं, आणि तेही पोळ्याच्या ऐन तोंडावर! गावानं यातून जे घ्यायचं तेच घेतलं. सरकार दमाची परीक्षा घ्यायला येत आहे, ज्याचा दम सुटला तो नापास, आणि नापास झालेल्याच्या छातीत डाग. क्षय, डाग, औषध हे सगळं बाजूला राहिलं. किती ठोके धरावे लागतात, एवढाच प्रश्न उरला.

पुढचे चार दिवस आमच्या गावात जे चाललं होतं ते मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिलेलं नाही. ओट्याओट्यावर माणसं गाल फुगवून बसलेली. विहिरीत पोरं बुड्या मारून राहिलेली आणि वर त्यांच्या आया बोंबलत. रूपराव तर रोज सकाळी जंगलूला बोलावून डफड्यावर सराव करायचा. त्याची सून धुरपता पाण्याची घागर घेऊन जाताना एकदा मला हसत म्हणाली, "सासरे जेवता जेवता बी दम धरतेत. घास तोंडातच राह्यते."

मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. बाबा ओसरीवर बसले होते आणि सराव करत नव्हते.

त्याच दिवशी आनंदाबाई आमच्या दारावरचा आकडा पडताळायला आली. बाबा उताणे पडलेले, मुलगी छातीवर निजलेली. बाबा तोंड बाजूला वळवून खोकले. बाईनं वही मिटली.

"बाबा, किती दिवसांचा खोकला?"

"बिडीचा हाये."

"बिडीचा असेल तर फोटोत तेही दिसेल. पहिला नंबर तुमचाच लावा."

बाबांनी हसल्यासारखं केलं. जाताना तिनं मला अंगणात बोलावलं. म्हणाली, "फोटो होऊन कागद येईपर्यंत बाळ त्यांच्याजवळ देऊ नको. तुला राग येईल माझा, पण ऐक."

राग आला. तिचा आला, बाबांचा आला, त्या बिडीचा आला. मला राग फार लवकर येतो, तेव्हाही यायचा.

रविवारी दुपारी मी मुलीला पाजत आत बसले होते आणि भिंतीपलीकडे माय बाबांना विचारत होती, "उद्या जाता ना?"

"नाई."

"काऊन?"

मग बाबा म्हणाले, "रुखमा, मी सत्तावीस ठोक्याचा मानूस. आता नवाच्या वर जात नाई. साऱ्या गावापुढं, रूपरावपुढं, थ्या मोटारीत नवाले सुटलो तर? परवा पोळा हाये. तोरनाखाली कोन्या तोंडानं उभा राहू?"

"मंग पोळा झाल्यावर जाजा."

"मोटार एकच दिवस हाये. बरंच हाये थे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बिडी-बिडी म्हणत होते, पण छातीत काहीतरी बिनसलंय हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. आणि तरी ते जाणार नव्हते, कारण हरायची सवय नव्हती.

संध्याकाळी त्यांनी हातपाय धुतले, ओसरीवर आले आणि रोजच्यासारखे हात पुढं केले.

"नाई देत," मी म्हणाले.

"काऊन व?"

"उद्या फोटो काढून या. मंग घ्या. कागद चांगला आला तर घ्या."

माय चुलीपासून ओरडली, "पोट्टी, जीभ हाये का इळा?"

बाबांनी हात खाली घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही. ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि हातात घेतलेली बिडी तशीच परत कानावर ठेवली. मी तेव्हा बरोबर होते, हे मला आजही ठाऊक आहे. बरोबर असूनही त्या संध्याकाळची मला लाज वाटते.

दुसरा दिवस खांदशेकणीचा, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर ज्या मानेवर जू असतं ती मान त्या संध्याकाळी तूप-हळद लावून शेकायची आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या गावात त्या दिवशी सकाळपासूनच बैलाला जू लावत नाहीत. कोणी लावलंच तर वर्षभर त्याचं नाव निघतं. बाबा उजाडताच ढवळ्या आणि मोऱ्याला मोकळे हाकत नाल्यावर धुवायला घेऊन गेले. आठ वाजले, नऊ वाजले. मारुतीसमोर गाव जमलं. पोरं नवे सदरे घालून आली होती. जंगलू गळ्यात डफडं अडकवून आला, कारण मोजायला सरकारचा माणूस असला तरी गावाचाही हिशेब असावा, असं सगळ्यांचं ठरलं होतं. बाबांचा पत्ता नव्हता.

"पळाले," मी मायला म्हणाले.

माय माझ्याकडे वळली. "तुहा बाप बैल धुवाले गेला. पळाले नाई गेला."

पण तिचीही नजर वाटेकडेच होती.

साडेनऊला कोणीतरी ओरडलं, "मोटार!" सगळे वळले. मोटार येत होती खरी, मोठी, करडी, बंद खोलीसारखी. पण तिचा आवाज येत नव्हता. ती हळूहळू, डुलत, चिखलातून ओढली जात होती. पुढं ढवळ्या आणि मोऱ्या, छातीपर्यंत काळ्या चिखलानं माखलेले, मानेवर जू. त्यांच्या बाजूनं कासरा धरून माझे वडील चालत होते, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याचं मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं.

बायांनी तोंडाला पदर लावले. खांदशेकणीला जू! रूपराव पुढं आला.

"पुनाजी, आज जू? आजच्या दिवशी?"

"मोटार नाल्यात बसली होती," बाबा म्हणाले. "काढली."

पुढं काय झालं ते सांगण्याआधी नाल्यावर काय झालं ते सांगते. ते आम्हांला संध्याकाळी मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. ओमप्रकाश त्याचं नाव, नागपूरचा. आमच्या ओसरीवर चहा पीत त्यानं सांगितलं आणि माझ्या मनात ते तसंच्या तसं बसलं आहे.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पहाटे मोटार नाल्याच्या काळ्या मातीत अर्ध्या चाकांपर्यंत रुतली. सोबतचे दोघं मदत आणायला सेलूकडे पायी गेले होते. तिथं बाबा बैल धूत होते. दुसरं कोणी नव्हतं. ओमप्रकाशनं हात जोडले, बैल लावायला सांगितलं. बाबा म्हणाले, आज जू लागत नाही. ओमप्रकाश म्हणाला, मग दहा वाजेपर्यंत निघाली नाही तर सेलूहून मदत आल्यावरही आम्ही परतच जाऊ, पुढची गावं ठरलेली आहेत, तुमच्या गावाचं राहून जाईल. बाबांनी पुन्हा विचारलं, "नक्की राहून जाते?" तो म्हणाला, नक्की.

म्हणजे काहीच करायचं नव्हतं. बैल धुवायचे आणि घरी यायचं. कोणी बोट दाखवू शकलं नसतं. उलट रीत पाळली म्हणून चांगलंच म्हटलं असतं. परीक्षा नाही, मोजणं नाही, दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सत्तावीस ठोक्यांचा पुनाजी.

"बहुत देर बैठा रहा पत्थर पे," ओमप्रकाश सांगत होता. "फिर बैल मेरे हवाले किए और चल दिया. मैं समझा, गया आदमी. बैल का क्या करूँ मैं? आधे घंटे में देखता हूँ, कंधे पे जुआ उठाए आ रहा है."

जू आमच्या वावरातल्या खोपीत होतं. तिथं जाऊन यायला अर्धा तास लागतो. जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा मिनिटं. त्या वाटेवर बाबांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मोटार निघाली, तोवर सेलूकडे गेलेले दोघंही परतले, पण पुढंही गावापर्यंत चिखलच होता आणि चाकांच्या इंजिनात पाणी गेलं होतं (फोटोचं इंजिन वेगळं होतं), म्हणून ते तिला थेट मारुतीपर्यंत ओढत घेऊन आले. गळफास म्हणा किंवा परीक्षा म्हणा, त्यांना जे वाटत होतं, ते त्यांनी स्वतःच्या बैलांनी दारात आणून उभं केलं.

आता पुढं. बाबांनी बैल सोडले, मला हाक मारून कासरा माझ्या हातात दिला. मग आनंदाबाईसमोर जाऊन उभे राहिले. बाई वहीवाल्यासोबत आधीच येऊन वही उघडून बसली होती.

"पयला नंबर माहा," ते म्हणाले.

मोटारीच्या मागं लोखंडी पायऱ्या होत्या. ते चिखलाच्या पायांनी त्या चढले. दार लागलं. गाव असं गप्प झालं की बैलांच्या शेपट्यांचा आवाज यावा. जंगलूनं डफडं सावरलं आणि आतून कोणीतरी "श्वास भरा, रोका" म्हणाल्याबरोबर पहिला ठोका टाकला. मग दुसरा.

आणि आतून आवाज आला, "सोडा. झालं."

जंगलूचा हात हवेतच राहिला. दार उघडलं. बाबा पायरीवर उभे. दोन ठोके! सत्ताविसाचा माणूस दोन ठोक्यांत बाहेर! मला सगळ्यांच्या तोंडावर तेच वाचता येत होतं. रूपरावनं मिशीवरून हात फिरवला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. बाबांना नेमकं काय झालं ते कळलेलं नव्हतं. आतल्यानं सोडा म्हटलं म्हणून त्यांनी सोडलं होतं. त्यांचीही समजूत तीच झाली असणार, की आपलं संपलं. ते घाईनं उतरले नाहीत. एकेक पायरी उतरले, सगळ्यांच्या मधून चालत माझ्याजवळ आले आणि कासरा घेतला. मान खाली नव्हती. मी त्यांना बारा वेळा जिंकताना पाहिलं होतं, पण असे उभे राहिलेले तेव्हाच पाहिले. माझा ऊर भरून आला, आणि तो अभिमानानं आला हे मी स्पष्ट सांगते, दयेनं नाही.

"दुसरा नंबर," आनंदाबाई म्हणाली.

रूपराव छाती काढून चढला. जाताना डोळ्यानं जंगलूला खूण केली, नीट मोज म्हणून. दार लागलं. एक ठोका, दोन ठोके.

"सोडा. झालं."

रूपराव बाहेर आला तो भांडतच. "मले अजून धरता येते! तुमी मधातच थांबवलं! अजून वीस धरतो!"

आनंदाबाईला काही कळेना. तिनं विचारलं, वहीवाल्यानं विचारलं, आणि शेवटी जंगलूनं डफडं दाखवून सगळं सांगितलं. बाई आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "अहो, ही परीक्षा नाही! हललं नाही म्हणजे झालं! दोन आकडे मोजायचे, बस्स!"

मग सगळं गाव हसलं. चार दिवस विहिरीत बुडालेली पोरं सगळ्यांत जास्त हसली. रांग लागली, म्हाताऱ्याकोताऱ्या चढल्या, धुरपता चढली, माय चढली, मी चढले. मोटार दुपारी तीनपर्यंत फोटो काढत होती. बाबा हसले नाहीत. ते बैलांच्या मानेवरचा चिखल धूत होते.

जाण्याआधी बाईनं त्यांचा थुंका डबीत घेतला आणि सांगितलं, "कागद येईपर्यंत ओरडायचं नाही. पोळा असो की आणखी काही."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बाबा उभे राहिले. लोकांनी बैलांच्या पाठीवर झुली घातल्या होत्या. आमच्या ढवळ्या-मोऱ्याच्या मानेवर जुवाचे ओले वळ उठले होते आणि माय म्हणत होती, झूल पुढं ओढून घ्या, दिसते. बाबांनी ओढली नाही. रूपरावनं झडती टाकली, पुकारा केला, आणि उत्तरासाठी थांबला.

"पुनाजी?"

"बाईनं ओरडू नको म्हनलं," बाबा म्हणाले.

लोक हसले. बाईनं म्हनलं! बाबांनी हसू दिलं. बारा वर्षांनंतर वरच्या पुऱ्याचे बैल आधी गेले आणि बाबांनी आपल्या बैलांच्या तोंडात पुरणपोळी दिली.

कागद महिन्याभरानं आला. बाबांच्या उजव्या छातीत वरच्या बाजूला क्षयाचा डाग होता. गावातून आणखी दोघांच्या नावाचे कागद आले. त्यातली एक धुरपता. ती कधी कोणासमोर खोकली नव्हती. लपवत होती, एक लेकरू पोटात आणि एक कडेवर घेऊन. रूपराव संध्याकाळी आमच्या अंगणात आला, बाबांपासून लांब, खाटेवर बसला आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. सुनेचं नाव त्यानं काढलं नाही. उठताना म्हणाला, "थे मोटार वापस गेली असती तर..." आणि वाटेला लागला. सकाळी त्याच्या गड्यानं आमच्या बैलांसाठी सरकीची ढेप आणून टाकली.

बाबांनी अंगणात वेगळी खोप घातली, वेगळी ताटली-लोटा घेतला. सेलूला सुया, मग गोळ्या, मग पुन्हा सुया. दर खेपेला धुरपताला गाडीत मागं बसवून घेऊन जायचे. रोग आहे हे लपवून ठेवलंच नाही, सरळ सांगायचे, त्यामुळे लोकांनाही तोंड फिरवायला फार जागा उरली नाही. मी हिंगणघाटला परत गेले. अधूनमधून यायचे तेव्हा मुलीला दुरून दाखवायचे. ते खोपीच्या दारात बसून ओठ हलवायचे, आणि ती माझ्या कडेवरून त्यांच्याकडे टकमक बघायची.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात पुन्हा फोटो काढला. मी सोबत होते. डॉक्टरांनी काच उजेडात धरून दाखवली. डाग सुकला होता. ते म्हणाले, "आता बिडी सोडा. हा डाग बरा झाला, पण बिडीनं छातीत गाठ धरते असं आता दिसू लागलंय, आणि त्या गाठीला आमच्याकडे औषध नाही." बाबांनी कानावरची बिडी काढून त्यांच्या मेजावर ठेवली आणि नंतर कधी ओढली नाही. पण त्यांचा पुकारा परत आला नाही. त्यानंतर ते पंचवीस वर्षं जगले, दर पोळ्याला खालच्या पुऱ्यासाठी झडत्या रचून दिल्या, पण ठोके कधी मोजू दिले नाहीत.

वर्ध्याहून त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि ओसरीवर बसले. मुलगी आता दोन वर्षांची झाली होती. मी तिला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती आधी रडली, मग त्यांची मिशी ओढायला लागली. मग जे दोन वर्षं विचारायचं होतं ते विचारलं.

"बाबा, तुमाले वाटत होतं का साऱ्या गावापुढं हारनार?"

"हाव."

"मंग जू आनाले काऊन गेलते? मोटार जात होती ना वापस."

त्यांनी मुलीच्या मुठीतून मिशी सोडवून घेतली.

"तू पोरगी देत नव्हती ना मले," ते म्हणाले.